कोर्टात गेलेली वाट

आमच्या आबांना कोर्टाबद्दल जेवढा आदर, तेवढा कोर्टात रोज उठबस करणाऱ्यांनाही नसेल. काळा कोट दिसला की ते नकळत उभे राहतात, मग तो घालणारा त्यांच्या नातवाच्या वयाचा का असेना. या देशाचा कायदा कोणी लिहिला हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे आबांच्या लेखी कोर्ट म्हणजे आपलंच घर, फक्त तिथं जायची वेळ आजवर आली नव्हती एवढंच. या आदरानंच आमचा घात केला असं म्हटलं तर आबांना आवडणार नाही. पण मी म्हणणार आहे.

आमची वाडी वेल्ह्याच्या पुढं, पासलीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला. बौद्धांची दहा-बारा घरं, समोर भाताची खाचरं आणि खाली ओढा. ओढ्याकाठी आमची दहनभूमी आहे. तिथं शेड नाही, ओटा नाही. एक आंबा आणि मोकळी जागा. वाडीपासून तिथवर एक पायवाट जायची, उतारावरून, एका पडीक माळाच्या मधून. बाया धुणं घेऊन त्याच वाटेनं ओढ्यावर जात आणि माणूस गेलं की त्यालाही त्याच वाटेनं नेत. सरकारी नकाशावर ती वाट नाही. नकाशा करणाऱ्याला ती दिसली नाही की दिसूनही काढावीशी वाटली नाही, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

आईचं त्या ओढ्याकाठी बरंच काही होतं. तिच्या सासूला तिथंच नेलं होतं, आणि माझ्याआधी झालेलं तिचं पहिलं पोर, महिन्याभराचं, तेही तिथंच आंब्याखाली पुरलेलं. आई त्याबद्दल बोलायची नाही. धुणं पिळून बादलीत टाकलं की थोडा वेळ आंब्याखाली बसायची आणि मग वर यायची. गुडघे दुखायला लागल्यावर धुणं सुनेकडं गेलं, पण आईचं तिथं जाऊन बसणं काही थांबलं नाही. "मला बी तिथंच न्या बरं का," हे ती भाकरी थापता थापता आबांना सांगायची, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. आबा म्हणायचे, "तिथं न्हाई तर कुठं नेनार?" वचन वगैरे द्यायची त्यांना गरजच वाटत नव्हती.

मग तो माळ विकला गेला. पुण्याच्या एका गृहस्थांनी घेतला, भोवती तारेचं कुंपण घातलं, आत बंगला बांधला. वाट जिथं माळात शिरायची तिथं लोखंडी गेट बसलं आणि खाली ओढ्याकडं दुसरं, लहान. माणूस वाईट नव्हता. हे सांगायलाच हवं, कारण तो वाईट असता तर आमचं काम पुष्कळ सोपं झालं असतं. आबा भेटायला गेले तेव्हा त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "काका, तुम्हाला कोण अडवतंय? कधीही या. फक्त आधी एक फोन करा, वॉचमन गेट उघडेल."

आबा चहा पिऊन घरी आले आणि ओट्यावर बसले. मी त्या दिवशी माहेरी होते. मला म्हणाले, "मान्सं मेल्यावं फोन करायचा का, येऊ का म्हनून?"

त्यांचा राग गेटावर नव्हता, फोनवर होता. ज्या वाटेनं आजवर कोणाला विचारून गेलो नाही तिथं आता विचारून जायचं, म्हणजे वाट गेलीच, असं त्यांचं म्हणणं. पुढं वकिलानंही तेच सांगितलं, की परवानगीनं चाललात तर तुमचा हक्क राहत नाही. आबांना हे वकिलाची फी न देताच कळलेलं होतं.

गेट बसलं तरी सुरुवातीला वाट चालू होती. गेटाच्या कडेला कुंपणात एक फट होती, तिच्यातून वाडीतली माणसं बिनदिक्कत जायची. आईही जायची. वॉचमन बघून न बघितल्यासारखं करायचा. पण फटीतून जाणं आबांना कमीपणाचं वाटे. त्यांनी वेल्ह्याला तहसीलदारांकडं अर्ज दिला, आमची वहिवाटीची वाट मोकळी करून द्यावी म्हणून. अर्जाची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. आबांनी किती खेटे घातले ते त्यांनाच ठाऊक. कधी साहेब मीटिंगला गेलेले असायचे, कधी निवडणुकीच्या कामाला, आणि एकदा गेले तर साहेबच बदलून गेलेले. घोंगडं तसंच भिजत पडलं.

मी उत्रोलीला दिलेली, भोरच्या एका शाळेत शिकवते. त्यामुळे कागद वाचणं आणि वकिलाशी बोलणं हे आपोआप माझ्याकडं आलं. भोरच्याच एका वकिलानं सुचवलं, "काका, हायकोर्टात जाऊ. तहसीलदार निर्णय देत नाहीत, तर कोर्ट सांगेल." हायकोर्ट म्हटल्यावर आबांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी विसरणार नाही.

केस दाखल झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी आबांनी विहारापुढं वाडी गोळा केली. म्हणाले, "आता मॅटर कोर्टात हाय. निकाल लागंस्तवर त्या वाटंनं कुनी पाय ठिवायचा न्हाई. उद्या कुनी म्हनाय नगं, कोर्टात बी गेली आन् दांडगाई बी केली." असं करा म्हणून आम्हाला कोणीही सांगितलं नव्हतं, ना वकिलानं, ना कोर्टानं. पण वाडीत कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. वडीलधाऱ्यांच्या पुढ्यात भांडण नेलं की ते निवाडा करेपर्यंत दोघांनीही हात आखडायचा, ही आमच्याकडची रीतच आहे. बंगलेवाल्यांना ही रीत माहीत नव्हती, त्यामुळे त्यांनी माळाच्या दुसऱ्या बाजूला माळी लावून झाडं लावली.

बाया डांबरी रस्त्यानं वळसा घालून ओढ्यावर जाऊ लागल्या. तो वळसा आईच्या गुडघ्यांना झेपेना, आणि तिचं आंब्याखाली बसणं त्या दिवसापासून सुटलं. "कोर्टाचं झालं की जाईन," म्हणायची. आबांना तिनं एका शब्दानं बोल लावला नाही. लावायला हवा होता. ती भांडली असती तर कदाचित आबांनी तिच्यापुरती तरी फट मोकळी ठेवली असती.

मुंबईत आमची पाळी यायला दोन पावसाळे गेले. मी आणि आबा गेलो. आबांनी पांढरा शर्ट घातलेला, कडक इस्त्रीचा. आमचं प्रकरण पुकारलं, आबा नेहमीसारखे उभे राहिले, आणि ते सरळ उभे राहीपर्यंत प्रकरण संपलंसुद्धा. आमचा वकील काही बोलला, सरकारी वकील काही बोलले, न्यायमूर्तींनी स्टेनोला चार वाक्यं सांगितली. आबांना वाटत होतं की आता सुरू होईल. त्यांनी बोलायचं काय ते घरून ठरवून आणलं होतं, वाट कुठून निघते, कुठं वळते, कोणाकोणाला त्या वाटेनं नेलं, सगळं ओळीनं.

आदेश असा होता, की अर्जदारांनी तहसीलदारांकडं नव्यानं निवेदन द्यावं, तहसीलदारांनी दोन्ही बाजू ऐकून कायद्याप्रमाणे निर्णय घ्यावा, आणि वाट कोणाची याबद्दल कोर्टानं कुठलंही मत दिलेलं नाही. म्हणजे ज्यांनी उत्तर दिलं नाही म्हणून आम्ही मुंबई गाठली, त्यांनाच परत जाऊन विचारायचं. वकील म्हणाला, "चांगलं झालं." कोर्टाचंही खरं असेल. मुंबईतल्या त्या उंच खुर्चीवरून वेल्ह्यातली पायवाट कोणाला दिसणार? ती बघायला जागेवरचाच माणूस हवा. पण जागेवरचा माणूस बघत नाही, ही तर आमची तक्रार होती.

मी हे सगळं आबांना कोर्टाबाहेरच्या फुटपाथवर समजावून सांगितलं. ते खुशीत होते. "आगं, आता कोर्टानं सांगितलंय. आता त्यास्नी ऐकावंच लागंल." मुक्काम माझ्याकडं होता म्हणून आम्ही कापूरहोळला उतरलो, तर तिथं त्यांनी वाडीसाठी पेढे घेतले. भोरच्या गाडीची वाट बघत ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

निवेदन दिलं. कोर्टाचं नाव असल्यामुळे या वेळी हालचाल मात्र झाली. पावसाळा सरल्यावर स्थळपाहणी ठरली. मंडळ अधिकारी आले, तलाठी आले, बंगलेवाल्यांचे वकील आले. आबा सगळ्यांच्या पुढं. कुंपणातली फट घाणेरीच्या झुडपांनी बुजली होती. गेट उघडून आत गेलो तर गवत कमरेएवढं. आबा हातवारे करत सांगत होते, "ही बगा, हितनं अशी वळती. मंग त्या दगडापासनं खाली उतरती."

अधिकारी म्हणाले, "कुठं?"

"ही काय, हितं."

आबांना वाट दिसत होती. बाकी कोणालाही दिसत नव्हती. लहानपणापासून त्या वाटेनं गेलेली मी, मलाही दिसेना. आम्ही उभे होतो तिथं फक्त गवत होतं आणि गवतात किडे उडत होते. पंचनाम्यात लिहिलं, जागेवर वहिवाटीच्या कोणत्याही खुणा आढळून आल्या नाहीत. आणि लिहिणाऱ्याला दोष कसा देऊ? तो जे दिसलं तेच लिहीत होता.

"साहेब, आमीच बंद केली व्हती," आबा म्हणाले. "मॅटर कोर्टात म्हनून. कोर्टाचा मान राखाया."

"कोर्टानं तसा आदेश दिला होता का?"

"न्हाई."

"मग?"

पायवाटेला दुसरा पुरावा नसतो, चालणारे पाय हाच तिचा पुरावा, आणि तो आम्ही आमच्या हातानं मोडला होता. आम्ही कुंपणातून दांडगाईनं जात राहिलो असतो तर वाट आज लखलखीत दिसली असती. नियमानं वागणाऱ्याच्याच तोंडाला पानं पुसली जातात, याचा मला त्या गवतात उभं राहून इतका संताप आला की मी तलाठ्याशी उगीचच वाद घातला. त्या बिचाऱ्यानं ऐकून घेतलं.

अर्ज नामंजूर झाला. वकील म्हणाला, आता हायकोर्टात गेलो तर ते म्हणतील आधी अपील करा, तेव्हा प्रांतांकडं जाऊ. प्रांतांची कचेरी भोरला. आबा पहाटेच्या एसटीनं निघायचे, कापूरहोळला गाडी बदलायचे आणि कचेरी उघडायच्या आत माझ्या दारात उभे असायचे. तारखांवर तारखा पडून शेवटी प्रांतांचा निकाल आला: तहसीलदारांनी अर्जदाराचे साक्षीदार तपासलेले नाहीत, सबब प्रकरण फेरचौकशीसाठी परत तहसीलदारांकडं पाठवण्यात येत आहे. वकील पुन्हा म्हणाला, चांगलं झालं.

"म्हंजी कुनाकडं?" आबांनी मला विचारलं.

"तहसीलदारांकडं."

"त्याच?"

"साहेब बदललेत, आबा. कचेरी तीच."

या वेळी त्यांनी पेढे घेतले नाहीत. कोणी एकानं जरी स्पष्ट "नाही" म्हटलं असतं तर आम्हाला त्याच्याशी भांडता आलं असतं. तसं कोणी म्हणतच नव्हतं. जो तो शांतपणे, नियमाचा दाखला देऊन, पुढच्याचं दार दाखवत होता. मला वर्गात पोरांना नागरिकशास्त्र शिकवावं लागतं. त्या वर्षी तो धडा मी घाईघाईनं उरकला.

फेरचौकशीची तारीख पडायच्या आतच आई गेली. जुलै महिना, झड लागलेली. ताप दोन दिवसांचा, दवाखान्यात न्यायच्या आत सकाळी संपलं सगळं. मी पोचले तेव्हा तिला पांढऱ्या लुगड्यात निजवलं होतं. बाहेर माणसं हळू आवाजात बोलत होती, कारण ओढा दुथडी होता आणि वळशाच्या रस्त्यावरचा फरशीचा पूल पाण्याखाली गेला होता. दहनभूमीपर्यंत पोचायला आता बंगल्याच्या आतून जाण्याखेरीज मार्ग नव्हता. कोणी म्हणालं टेम्पो करून भोरला, नगरपालिकेच्या स्मशानात नेऊ. तरुण पोरं म्हणाली, घाणेरी तोडतो, तार तोडतो, बघू कोण अडवतंय. दोघं कोयते घेऊन निघालेही होते.

आबांनी त्यांना थांबवलं. "मढं घिऊन भांडाया जायाचं न्हाई," एवढंच म्हणाले. मग आईच्या उशाशी बसून राहिले. मला वाटलं ते टेम्पोला हो म्हणतील. पण ते उठले, पायांत चपला घातल्या आणि इरलं न घेताच उतारानं खाली गेले. मी छत्री घेऊन मागोमाग गेले.

गेटाशी वॉचमन रेनकोट घालून उभा होता. आबा त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिले. "भाऊ, सायबांस्नी जरा फोन लावता का? आमच्या मंडळीला आतनं न्यायचं हाय. परवानगी हाय का, इचारा."

वॉचमनला काय करावं सुचेना. त्यानं आधी आबांचे जोडलेले हात खाली केले. फोन लगेच लागला. बंगलेवाले फार हळहळले. म्हणाले, विचारायचं काय त्यात, दिवसभर गेट उघडं ठेव, आणि त्यांची लाकडं भिजली असतील तर आपल्या शेडमधली सुकी देऊन टाक. वॉचमननं हे सगळं आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "लई उपकार झालं." हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मला माझ्याच वडिलांकडं बघवत नव्हतं.

आम्ही आईला त्या गेटातून नेलं. चौघांनी वर पत्रे धरले, बाकीच्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, आणि शेडमधल्या सुक्या लाकडांनी नीट पेट घेतला. आई जिथं न्या म्हणाली होती तिथंच, आंब्याजवळ गेली.

दिवाळीनंतर फेरचौकशीची तारीख आली. नव्या तहसीलदार बाई, वयानं माझ्याएवढ्या. त्यांनी आबांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. आमच्या वकिलानं आबांना बाहेर व्हरांड्यात पढवून ठेवलं होतं: विचारलं तर म्हणायचं, आमची वाट आहे, आम्ही आमच्या वाटेनं गेलो. तेही काही खोटं नव्हतं.

बंगलेवाल्यांच्या वकिलानं विचारलं, "बाबा, जुलैमध्ये तुमच्या पत्नीचा अंत्यविधी कुठं झाला?"

"ओढ्यावं."

"कुठून गेलात?"

"बंगल्यातनं."

"कसे गेलात?"

आबांनी आमच्या वकिलाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आणि म्हणाले, "इचारून गेलो. फोन लावून परवानगी मागितली, सायबांनी दिली. लाकडं बी दिली. खोटं कशाला बोलू?"

कारकुनानं ते टाइप केलं. आमच्या वकिलानं फाईल मिटली. तहसीलदार बाई अगदी मायेनं म्हणाल्या, "बाबा, ते तुम्हाला जाऊ देतायत. मग तुमची तक्रार नेमकी काय आहे?"

एवढ्या वर्षांत, एवढ्या कचेऱ्यांत, हा प्रश्न आबांना समोर बसवून कोणी विचारला असेल तर तो त्या बाईंनीच, आणि तोही उत्तर हातातून गेल्यावर. बाई म्हणाल्या, आदेश पोस्टानं येईल, समाधान झालं नाही तर प्रांतांकडं अपील करता येतं. आबा उठून उभे राहिले, त्यांना नमस्कार केला आणि बाहेर आले.

पासलीच्या गाडीत आम्ही मागच्या सीटवर बसलो. गाडी बरीच पुढं गेल्यावर आबा म्हणाले, "माज्या येळंला मला ओढ्यावं नगं नेऊस."

"मग कुठं?"

"भोरला न्या. नगरपालिकेचं हाय. तिथं कुनाला इचारावं लागत न्हाई."

"आन् आई? ती तिथं एकटी..."

आबा खिडकीबाहेर बघत होते. "तिला नेली न्हवं," ते म्हणाले. "तिचं झालं."